अळीसाठी पेरायची सरकी : यवतमाळ जिल्ह्यातील एका बीटी कपाशीच्या शेताचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातील एका कोरडवाहू गावातले, २०१७ ते २०१९ या तीन हंगामांतले आहे. गावाचे आणि माणसांचे नाव दिलेले नाही, आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. ज्यांच्या शेतात हे घडले त्यांना येथे काकाजी म्हटले आहे. आमच्या भागात वडीलधाऱ्या माणसाला तशीच हाक मारतात. त्यांची सहा एकर काळी जमीन आहे. त्यांपैकी चार एकरांत कपाशी आणि दोन एकरांत सोयाबीन असे, आणि कपाशीच्या दर आठ तासांनंतर तुरीचे एक तास. (पिकाच्या ओळीला इकडे तास म्हणतात.) दीड एकराला विहिरीचे पाणी मिळते, बाकी सारे पावसावर. त्या काळात मी परिसरातल्या शेतीशाळांना मार्गदर्शन करत होतो आणि काकाजींच्या शेतात दर पंधरवड्याला माझे जाणे होत असे. पुढे जे निर्णय झाले, त्यांतल्या काहींत माझाही वाटा होता.

जैवतंत्रज्ञानाबद्दल बोलताना प्रयोगशाळेचे आणि परदेशाचे चित्र डोळ्यांसमोर येते. पण आपल्याकडे जनुक बदललेली वनस्पती सर्वात जास्त ज्याने हाताळली तो माणूस म्हणजे कापूस उत्पादक शेतकरी. बॅसिलस थुरिंजेन्सिस (थोडक्यात बीटी) हा मातीत सापडणारा जिवाणू अळीला मारक ठरणारे एक प्रथिन तयार करतो. त्या प्रथिनाचा आराखडा जिवाणूच्या डीएनएत ज्या तुकड्यावर लिहिलेला असतो, तो तुकडा कपाशीच्या डीएनएत बसवला की कपाशीचे झाड ते प्रथिन स्वतःच बनवू लागते. अळीने पान किंवा बोंड कुरतडले की प्रथिन तिच्या आतड्यात जाते, तिथल्या अल्कधर्मी रसात सक्रिय होते, आतड्याच्या अस्तरावरच्या ठरावीक जागांना चिकटते आणि अस्तराला भोके पाडते. माणसाच्या पोटात ना तसा रस असतो ना तशा जागा. भारतात या कपाशीला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा तिच्यात क्राय-१-एसी हे एकच जनुक होते. २००६ मध्ये क्राय-२-एबी हे दुसरे जनुक असलेली बीजी-२ आली.

काकाजींनी त्याआधीचा काळ पाहिलेला आहे. नव्वदच्या दशकात हिरव्या बोंडअळीने फवारणी करून करून लोक थकले होते, आणि उधारीवर आणलेल्या औषधाचे पैसे कापूस विकून फिटत नव्हते. बीटी आल्यावर बोंडअळीची फवारणी जवळजवळ थांबली. ‘जनुकीय’ म्हटले की घाबरायचे किंवा टाळ्या वाजवायच्या, हे दोन्ही काकाजींनी कधी केले नाही. त्यांना फायदा डोळ्यांनी दिसला होता, आणि तो खरा होता. नंतर जे झाले ते समजून घ्यायचे तर आधी हे मान्य करावे लागते.

जून २०१७ : कोपऱ्यात ठेवलेली पाकिटे

त्या वर्षी काकाजींनी कृषी सेवा केंद्रातून बीजी-२ च्या चार बॅगा प्रत्येकी ८०० रुपयांना आणल्या. प्रत्येक बॅगेत ४५० ग्रॅम बीटी बियाणे आणि सोबत १२० ग्रॅमचे एक लहान पाकीट होते. त्या पाकिटात नॉन-बीटी, म्हणजे अळीमारक जनुक नसलेली सरकी असते. नियम असा होता की शेताच्या २० टक्के क्षेत्रात किंवा चहूबाजूंनी पाच ओळी, यांपैकी जे जास्त भरेल तेवढ्यात ही साधी कपाशी लावायची. तिला आश्रयपीक म्हणतात. ते लहान पाकीट मी हातात धरून दाखवले, तेव्हा काकाजी म्हणाले, “हे कायले पेरू? अळीले पोसाले का जी?”

प्रश्न अगदी बरोबर होता आणि त्याचे खरे उत्तर ‘हो, अळी पोसायलाच’ असे आहे. लाखो अळ्यांत एखादी अशी असते की जिच्या स्वतःच्या डीएनएत बदल झाल्यामुळे प्रथिनाला आतड्यात चिकटायला जागाच उरत नाही. शेतात सगळीकडे बीटीच असेल तर बाकीच्या मरतात, अशाच तेवढ्या वाचतात, त्यांचे पतंग आपसांत जुळतात आणि पुढची पिढी सगळीच्या सगळी न मरणारी होते. शेजारी साधी कपाशी असेल तर तिच्यावर पोसलेले, बीटीने मरणारे असंख्य पतंग हवेत असतात. वाचलेल्या एखाद्या पतंगाची जोडी त्यांच्याशी जुळते, आणि एकाच बाजूने बदल मिळालेली त्यांची पिल्ले बीटीवर बहुधा मरतात. त्या पाच ओळींचे नुकसान म्हणजे बाकीचे शेत वाचवण्यासाठी भरलेला हप्ता होता.

मी त्या दिवशी हे असे सांगितले नाही. ‘सरकारचा नियम आहे’ एवढेच बोललो. काकाजींनी एका पाकिटातले बियाणे नांग्या (न उगवलेल्या जागा) भरायला वापरले आणि उरलेली तीन पाकिटे गोठ्याच्या कोनाड्यात ठेवली. दिवाळीला ती उंदरांनी फोडलेली आढळली. या साऱ्या प्रकरणात मला सर्वात जास्त टोचणारी गोष्ट हीच आहे. गावात वेगळे काही झाले नव्हते. बहुतेकांनी पाकीट बांधावर फेकले होते. त्या सरकीची उगवण कमी असते ही तक्रारही खोटी नव्हती.

अडचण

ऑगस्टच्या अखेरीस काही फुले उमलेनाशी झाली. पाकळ्या एकमेकींना धाग्याने शिवल्यासारख्या आणि फूल गुलाबाच्या मिटलेल्या कळीसारखे दिसत होते. याला डोमकळी म्हणतात आणि तिच्या आत गुलाबी बोंडअळी असते. काकाजींना ते पावसाच्या खंडाने झाले असे वाटले. मीही पंचवीस झाडांवरच्या डोमकळ्या मोजून पाहिल्या नाहीत.

ऑक्टोबरमध्ये पऱ्हाटी (कपाशीची झाडे) कमरेच्या वर गेली होती, बोंडे लदलेली होती आणि बाहेरून पिकाला नाव ठेवायला जागा नव्हती. वेचणी सुरू झाली तेव्हा फुटलेल्या बोंडांत कवडी, म्हणजे किडून घट्ट चिकटलेला डागी कापूस, निघू लागली. आम्ही बांधावर बसून वीस हिरवी बोंडे तोडली आणि विळ्याने उभी चिरली. हाताला टणक, रंगाने हिरवेगार असे एक बोंड आत उघडल्यावर त्याचे दोन कप्पे तपकिरी पडलेले दिसले. रुई पिवळी होऊन चिकटली होती, दोन सरक्या एकमेकींना जोडलेल्या होत्या आणि त्या फोडल्यावर आतून बोटाच्या पेराहूनही लहान, पाठीवर गुलाबी पट्टे असलेली अळी बाहेर आली. वीसपैकी तेरा बोंडांत हेच होते. अळी अंड्यातून निघाल्यावर लवकरच बोंडात शिरते आणि शिरलेले छिद्र बुजून जाते. त्यामुळे झाडाकडे पाहून काहीच कळत नाही.

गावात एकच शब्द फिरू लागला : बोगस बियाणे. येथे पहिला महत्त्वाचा निर्णय आला, कारण बियाणे बोगस असेल तर उपाय एक आणि अळी बदलली असेल तर उपाय अगदी वेगळा. आम्ही तपासणी पट्ट्या मिळवल्या. पानाचा तुकडा लहान नळीत चुरडून, द्रावण घालून त्यात पट्टी बुडवली की बीटी प्रथिन असल्यास जास्तीची रेघ उमटते. वीस झाडांपैकी एकोणीस झाडांच्या पानांत रेघ उमटली. झाड आपले काम करत होते. अळी ते प्रथिन खाऊन जगत होती.

असे का झाले, हे मला सर्वात जास्त वेळ घेऊन सांगावे लागले. हिरवी बोंडअळी तुरीवर, हरभऱ्यावर आणि इतर कितीतरी पिकांवर जगते. तिच्यासाठी काकाजींच्या तुरीची तासेच नकळत आश्रयपीक ठरत होती, आणि म्हणून ती बीटीला इतक्या वर्षांनंतरही बऱ्यापैकी दबलेली राहिली. गुलाबी बोंडअळी मात्र जवळजवळ केवळ कपाशीवरच जगते. गावातली सगळी कपाशी बीटी झाली की तिला दुसरे घर उरत नाही. त्यात आपल्याकडे बीटी कपाशी संकरित वाणांत दिली गेली. संकरित झाडाला जनुक एकाच बाजूने मिळालेले असते. त्यामुळे त्याच्या बोंडात भरणाऱ्या सरक्यांत, एका जनुकापुरते पाहिले तर, दर चारांत सरासरी एक सरकी त्या जनुकाविना असते. गुलाबी अळी सरकीच खाते. एकाच बोंडात तिला कुठे भरपूर प्रथिन, कुठे थोडे, कुठे अजिबात नाही असे खाणे मिळते. अर्धवट मात्रेचे औषध घेत राहिल्यावर रोग मुरतो, तसाच हा प्रकार. आणि पाणी असलेल्या शेतांत फरदड (हंगाम संपल्यावर त्याच झाडांना पाणी देऊन काढलेला उशिराचा कापूस) घेऊन फेब्रुवारी-मार्चपर्यंत पऱ्हाटी उभी ठेवली जाते, म्हणजे अळीला वर्षातले आठ-नऊ महिने जेवण. पहिल्या जनुकाला न जुमानणारी गुलाबी अळी गुजरातेत २००९ च्या हंगामातच आढळली होती. आमच्याकडे इशारा आलेला होता. तो बांधापर्यंत पोहोचला नव्हता.

ऑक्टोबर २०१७ मधील पर्याय

पहिला पर्याय सगळ्यांना सुचणारा होता : आणखी फवारणी. काकाजींनी तोवर तीन फवारण्या केल्या होत्या, दुकानदाराच्या सांगण्यावरून दोन औषधे एकत्र करूनही. अळी बोंडाच्या आत असताना वरून पडणारे औषध तिच्यापर्यंत जात नाही, आणि माणसाच्या उंचीला आलेल्या पऱ्हाटीत फवारताना तुषार तोंडावर येतात. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक माणसे दगावली. काकाजींच्या सालदाराचा मुलगा तिसऱ्या फवारणीनंतर घरी आला तेव्हा त्याला समोरचे धूसर दिसत होते, तोंडातून लाळ गळत होती आणि हात थरथरत होते. त्याला त्याच रात्री जिल्ह्याच्या ठिकाणी नेले. चार दिवसांनी तो परत आला. अंगरखा, हातमोजे, चश्मा यांतले काहीही घरात नव्हते. बीटीचे सर्वात मोठे देणे म्हणजे तिने माणसाच्या पाठीवरचा पंप उतरवला होता. तो परत चढला आणि त्याची किंमत त्या मुलाने मोजली.

दुसरा पर्याय फवारणी थांबवून येतील तेवढ्या वेचण्या करण्याचा होता. तिसरा, पाण्याखालच्या दीड एकरातली कपाशी डिसेंबरपूर्वी उपटून हरभरा पेरण्याचा. चौथा, नुकसानीची तक्रार करण्याचा. तो बाकीच्या पर्यायांसोबतही निवडता येणार होता.

घेतलेले निर्णय

फवारणी त्या रात्रीनंतर थांबली. काकाजींच्या पत्नीने ‘कापूस गेला तरी चालन, पण पंप घरात येनार नाही’ असे सांगितले, आणि त्यावर चर्चा झाली नाही.

तक्रारीचा निर्णय अवघड होता. कापूस बियाण्याच्या कायद्याखालचा जी फॉर्म भरायचा होता आणि त्यासोबत बियाण्याचे बिल लागत होते. बिल ट्रंकेत सापडले. गावातल्या काहींचे म्हणणे असे की पट्टीच्या तपासणीचे कुणाला सांगू नये, कारण प्रथिन आहे असे कळले तर ‘बोगस’ म्हणता येणार नाही. काकाजींनी नुकसान जसे होते तसे लिहिले : बीटी असूनही बोंडअळीने पीक खाल्ले. मला तेव्हाही तेच योग्य वाटले आणि आजही वाटते. बियाणे खोटे असल्याचा खोटा आरोप केला असता तर अळी बदलली आहे ही खरी आणि अधिक गंभीर गोष्ट कागदावर आलीच नसती. डिसेंबरमध्ये नागपूरच्या अधिवेशनात कोरडवाहू कपाशीसाठी हेक्टरी ३०,८०० आणि बागायतीसाठी ३७,५०० रुपये मदत जाहीर झाली. त्यात सरकारी मदत, पीक विमा आणि बियाणे कंपन्यांकडून येणारी रक्कम असे तीन भाग होते. काकाजींच्या खात्यात आले ते त्यातल्या सरकारी भागाचे पैसे, तेही हप्त्यांनी.

पाण्याखालच्या दीड एकराबाबत मात्र आम्ही चुकलो. कर्जाचा हप्ता समोर होता, कोरडवाहू भागात एकरी तीन क्विंटलच्या आत कापूस आला होता, आणि विहिरीत पाणी होते. दोन पाणी देऊन फरदडीचा थोडा कापूस काढू, असे काकाजी म्हणाले. मी विरोध केला, पण जोर लावला नाही. फेब्रुवारीपर्यंत त्या दीड एकरातून चार क्विंटल कवडीयुक्त कापूस निघाला, जो व्यापाऱ्याने पडेल भावात उचलला, आणि पऱ्हाट्या सरपणासाठी गोठ्यामागे रचल्या गेल्या. वाळक्या बोंडांतल्या जोडसरक्यांत अळी महिनोन्‌महिने निपचित पडून राहते. पुढच्या हंगामाचे पतंग आम्ही घरामागे साठवून ठेवले होते.

२०१८ ची पेरणी : दुसरे वळण

एप्रिल २०१८ मध्ये एक ओळखीचा माणूस बिलाविना बियाणे घेऊन आला. तणनाशक फवारले तरी कपाशी मरत नाही, निंदणाचा खर्च वाचतो, असे त्याचे सांगणे होते. गावात त्याला चोरबीटी म्हणतात. तिच्यात बीटी जनुकांसोबत ग्लायफोसेट सहन करण्याचे जनुक घातलेले असते. तिला सरकारी मान्यता नाही, आणि पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ प्रमाणे अमान्य जनुकीय बियाणे बाळगण्या-विकण्याला तेव्हा पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकत होता. तरीही लोक तिच्याकडे वळतात, कारण निंदणाला माणसे मिळत नाहीत आणि मिळाली तर मजुरी परवडत नाही. ही अडचण खरी आहे. तिला नुसते ‘बेकायदेशीर’ म्हणून उडवून लावणाऱ्याने जुलैच्या चिखलात बारा बायांची मजुरी एकदा चुकती करून पाहावी.

काकाजींनी ते घेतले नाही, आणि कायद्याची भीती हे त्याचे कारण नव्हते. आम्ही दोन गोष्टी शांतपणे तपासल्या. तणनाशक सहन करणारे जनुक गुलाबी अळीचे काहीच बिघडवत नाही. ज्या दुखण्याने घर बसले होते त्यावर हा उपाय नव्हता. शिवाय कपाशीत दर आठ तासांनी तूर होती. ग्लायफोसेट मारले असते तर कपाशी वाचली असती आणि तूर जळाली असती. त्या वर्षी घरात खायला डाळ आणि हातात थोडे पैसे आले ते तुरीमुळेच. बिलाविना घेतलेले बियाणे फसले तर जी फॉर्म कशाच्या जोरावर भरणार, हा तिसरा मुद्दा काकाजींनी स्वतः काढला.

शेवटी कपाशी चार एकरांवरून अडीच एकरांवर आणली आणि बाकी सोयाबीन घेतले. कपाशीचे वाण कमी दिवसांत येणारे निवडले. चांगला पाऊस झाल्याशिवाय टोबणी केली नाही. गोठ्यामागची पऱ्हाटी मे महिन्यात जाळली. आणि नॉन-बीटीची पाकिटे या वेळी काकाजींनी स्वतः मागून घेतली.

पुढे काय झाले

गावातल्या चौतीस कापूस उत्पादकांपैकी एकवीस जण सोबत आले. एकरी दोन कामगंध सापळे (मादीसारख्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) लावले. सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग सापडले किंवा दहा टक्के फुले-बोंडे किडलेली आढळली, तरच फवारणी, असा दंडक धरला. सापळ्यातले पतंग मोजून वहीत लिहिण्याचे काम शाळेतल्या दोन मुलींनी केले, आणि त्या वहीइतकी नेमकी नोंद माझ्याकडेही नव्हती. डोमकळ्या दिसल्या की तोडून बादलीभर साबणाच्या पाण्यात टाकल्या. काकाजींच्या शेतात त्या हंगामात एक निंबोळी अर्काची आणि एकच रासायनिक फवारणी झाली, तीही सकाळी, वाऱ्याच्या दिशेने चालत, तोंड बांधून आणि हातमोजे घालून. कापूस एकरी सहा क्विंटलच्या आसपास आला. डिसेंबर संपण्याआधी पऱ्हाटी उपटली.

याचे सारे श्रेय आमच्या उपायांना देणे योग्य होणार नाही. २०१८ मध्ये पाऊस लवकर ओसरला आणि कोरडवाहू कपाशी तशीही लवकर संपली. अळीला उशिराचे बोंड कमी मिळाले त्यात पावसाचा वाटा होता. २०१९ मध्ये पाऊस लांबला, तेव्हा नोव्हेंबरच्या तिसऱ्या वेचणीत कवडी पुन्हा दिसली, मात्र २०१७ सारखी नाही.

काय वेगळे करता आले असते

पहिली गोष्ट माझ्याकडची. जून २०१७ मध्ये ‘अळीले पोसाले का’ या प्रश्नाचे उत्तर मी टाळले. शेतकऱ्याला अनुवंशशास्त्र कळणार नाही, असे मी मनात धरले होते. पुढे तेच काकाजींना देशी आणि जर्सी गाईच्या कालवडींच्या उदाहरणाने पाच मिनिटांत समजले, आणि त्यांनी ते मला ठाऊक होते त्याहून सोप्या शब्दांत गावाला सांगितले. नंतर नॉन-बीटी सरकी बॅगेतच मिसळून देण्याची पद्धत आली. तिने पाकीट फेकण्याचा प्रश्न सुटतो. ती सरकी कशासाठी आहे हे कळण्याचा प्रश्न तसाच राहतो.

दुसरी गोष्ट वेळेची. ऑगस्टमध्ये पंचवीस झाडे मोजली असती तर फुलांतल्या अळ्या हाताने वेचता आल्या असत्या. एकदा ती बोंडात गेल्यावर उरले ते सारे पर्याय वाईट होते आणि आम्ही वाईटांतले कमी वाईट निवडत राहिलो.

तिसरी गोष्ट माझ्या किंवा काकाजींच्या हातातली नाही, पण लिहायला हवी. अमेरिकेने गुलाबी बोंडअळी आपल्या कापूस पट्ट्यातून नाहीशी झाल्याचे २०१८ मध्ये जाहीर केले. तिथे बीटी कपाशीसोबत वांझ केलेले पतंग सोडण्यापासून धसकटे वेळेवर गाडण्यापर्यंतची कामे सगळ्यांनी मिळून केली होती. चीनमध्ये यांगत्से नदीच्या खोऱ्यात संकरित कपाशीची दुसऱ्या पिढीची सरकी लावली गेली, तिच्यात एक चतुर्थांश झाडे आपोआप नॉन-बीटी निघाली आणि अळीची वाढलेली सहनशक्ती उतरली. जनुक तेच, अळीही तीच. आपल्याकडे मात्र ते जनुक ज्याने बॅग घेतली त्याच्या मालकीचे असल्यासारखे वापरले गेले. पतंग बांध ओळखत नाही, हे ध्यानात घेऊन गावपातळीची व्यवस्था परवानगीच्या दिवसापासून लावायला हवी होती.

सध्या काकाजींच्या शेताच्या चारही बाजूंना नॉन-बीटीच्या पाच-पाच ओळी असतात. पूर्वेच्या धुऱ्यापलीकडे कालव्याच्या पाण्यावरचे तीन एकरांचे शेत आहे. तिथे मालक बाहेरगावी राहतो, शेत ठोक्याने (भाड्याने) दिलेले असते आणि मार्चपर्यंत फरदड उभी असते. २०१९ च्या वहीत सर्वात जास्त पतंग पूर्वेकडच्या दोन सापळ्यांत नोंदलेले आहेत. त्या मालकाला काकाजींनी दोनदा फोन केला आहे, आणि या दिवाळीला तो गावी आल्यावर वही दाखवायची असे ठरले आहे.